'मला पाठव'च्या पुढची पाच वचनं

स्मरणिकेसाठी लिही म्हणून कमिटीतून फोन आला तेव्हाच सांगून टाकलं की गॅदरिंग, सहली, खो-खोच्या मॅचेस यावर बाकीचे भरभरून लिहितील, मी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायावर लिहिणार. शाळेने मला जे दिलं त्यात सगळ्यात मोठं तेच आहे, आणि ते दिलं आपल्या बोर्डिंगच्या बाईंनी, संध्याकाळच्या प्रार्थनेत.

तो अध्याय आपल्यातल्या बऱ्याच जणींना पाठ होता, ख्रिस्ती नसलेल्या मुलींनासुद्धा. उज्जीया राजा वारला त्या वर्षी यशयाला मंदिरात दर्शन होतं, प्रभू उंच सिंहासनावर बसलेला, त्याच्या वस्त्राच्या घोळाने सगळं मंदिर भरलेलं, वर सराफीम नावाचे देवदूत, प्रत्येकाला सहा पंख, दोन पंखांनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय झाकलेले नि दोहोंनी उडतायत, आणि पवित्र, पवित्र, पवित्र असा पुकारा असा चाललाय की उंबरठे हादरतात, मंदिर धुराने भरून जातं. बाई इथे वाचायच्या थांबायच्या. म्हणायच्या, बघा गं, जे कायम देवासमोर उभे ते पण तोंड झाकतात.

एकदा त्यांनी बायबलमधल्याच इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा 26वा अध्याय काढायला लावला. उज्जीया कोण ते त्यात आहे. सोळाव्या वर्षी गादीवर बसला, 52 वर्षं राज्य केलं, बुरूज बांधले, पाण्याच्या टाक्या खोदल्या, शेतीची आवड असलेला राजा होता. मग गर्व चढला आणि याजकांचं, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यांचं काम स्वतःच करायला, धूप जाळायला मंदिरात शिरला, 80 याजक आडवे आले तर त्यांच्यावरच भडकला, आणि तिथेच धूपवेदीपाशी त्याच्या कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला. त्याच मंदिरात पुढे यशयाला दर्शन होतं आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'हायहाय', मी अशुद्ध ओठांचा माणूस, आता माझं काही खरं नाही. मग त्या सराफीमांपैकी एक जण चिमट्याने वेदीवरचा निखारा उचलून त्याच्या ओठांना लावतो, दोष गेला म्हणतो, आणि त्यानंतर आवाज येतो, मी कोणाला पाठवू, आमच्यासाठी कोण जाईल? यात हुकूम नाहीये आणि कुणाचं नावही नाही. बायबलमधल्या दुसऱ्या संदेष्ट्यांचं बघा, मोशेला नाव घेऊन बोलावलं तरी तो सबबी सांगत राहिला, यिर्मया म्हणाला मी लहान आहे, आणि यशया मात्र कुठे जायचं काय करायचं काही न विचारता आपणहून बोलला, 'हा मी आहे, मला पाठव'.

बहुतेक उपदेश इथेच संपतात, आजही. आपल्या बाई मात्र पुढची पाच वचनं वाचल्याशिवाय पुस्तक मिटायच्या नाहीत. त्यात देव यशयाला काम सांगतो, आणि ते असं की तू बोल पण लोक ऐकूनही समजणार नाहीत, बघूनही त्यांना कळणार नाही. यशया विचारतो, प्रभो, कुठवर? तर उत्तर मिळतं, शहरं ओस पडेपर्यंत. शेवटी तोडलेल्या झाडाचा बुंधा तेवढा उरतो, त्यालाच पवित्र बीज म्हटलंय. बाई म्हणायच्या, 'मला पाठव' म्हणायचं असेल तर हे वाचून मग म्हणा.

मी म्हटलं. बारावीनंतर मिरजेला नर्सिंग केलं, डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या हॉस्पिटलात, आणि तिथून कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात गेले ती तिथेच राहिले. घरचे खूप रडले, तो वेगळा विषय. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो हे डॉ. हॅन्सन यांनी 1873 साली दाखवून दिलं, एमडीटीच्या, म्हणजे अनेक औषधं एकत्र असलेल्या, गोळ्या फुकट मिळतात, कुणाला 6 महिने कुणाला 12 महिने, माणूस बरा होतो. पण अजूनही पेशंट चट्टा लपवतो, मागच्या जन्मीचं पाप म्हणून गप्प बसतो, आणि येतो तोपर्यंत नसा गेलेल्या असतात, हातापायांना चटका की जखम काही कळत नाही. (उज्जीयाची गोष्ट सांगून कुणी पेशंटला पापी ठरवलं तर मला फार राग येतो. बायबलमधलं कोड हाच आजचा कुष्ठरोग असं म्हणता येत नाही, आणि येशूने तर हात पुढे करून कोड झालेल्या माणसाला स्पर्श केला होता.)

रोज सकाळी पायांचं काम असतं. पाय घमेल्यातल्या साध्या पाण्यात भिजवायचे, गरम पाणी अजिबात नाही, मग टाचेची जाड कातडी हळूहळू घासून काढायची, ओल्या पायाला तेल लावायचं, जखम असेल तर ड्रेसिंग आणि एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला. हे घरी रोज करा म्हणून सांगायचं, आणि महिन्याने तोच माणूस तीच जखम वाढवून परत येणार. प्रभो कुठवर, हे मी त्या घमेल्यापाशी कितीदा म्हटलंय!

एक बाई आली होती, उजव्या हाताची बोटं तव्यावर भाजलेली, फोड आलेले. म्हणाली, सिस्टर, वास आला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मला यशयाच्या ओठावरचा निखारा वेगळा दिसायला लागला. त्याला तो चटका कळला. देवाच्या पवित्रतेपुढे 'हायहाय' निघणं ही मला आता शिक्षा वाटत नाही, जिवंत असल्याची खूण वाटते, आणि ज्याला स्वतःचं दुखणं कळलं तोच दुसऱ्याच्या पायाशी बसू शकतो असं माझं ठाम मत झालंय.

बाई आता नाहीत. त्यांच्या जागेवर प्रार्थना कोण घेतं मला माहीत नाही, पण जे कोणी असतील त्यांना विनंती की सहावा अध्याय तेराव्या वचनापर्यंत वाचा. आणि आमच्याकडे नर्सेस फार कमी पडतात. बारावीच्या मुलामुलींपैकी कुणाला या कामाला यावंसं वाटत असेल तर शाळेच्या ऑफिसात नाव देऊन ठेवा, मी स्वतः फोन करीन, आणि आधी एक आठवडा येऊन काम बघून जा.