डी.एल.एड.ची दोन वर्षं आणि मुलांना प्रश्न विचारायची रीत

बी.ए. झाल्यावर बी.एड. करायचं की डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकांची दोन वर्षांची पदविका, यावर आमच्या घरी बराच खल झाला. मावशीचं म्हणणं, पदवीनंतर पुन्हा बारावीच्या पोरींबरोबर काय बसायचं. पण मला पहिली ते पाचवीच शिकवायचं होतं, आणि ऑगस्ट 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठीची अर्हता नाही असं स्पष्ट केल्यावर प्रश्नच मिटला. डी.एल.एड.ला, म्हणजे पूर्वीच्या डी.एड.ला, प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो. ऑनलाइन अर्ज, कागदपत्रं, गुणवत्ता यादी यात काही विशेष नाही. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आधीच काढून ठेवा, एवढंच सांगेन.

पहिलं वर्ष सगळ्यात जास्त गेलं ते फाइलींमध्ये. थर्माकोलची साधनं, रंगीत बॉर्डर, कार्यानुभवाच्या वस्तू. मुखपृष्ठ सजवण्यात जो वेळ जातो तो वर्गात मुलांजवळ बसण्यात गेला पाहिजे, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही ठामपणे वाटतं. त्या वर्षात दोन गोष्टी मात्र मनापासून आवडल्या. एक सूक्ष्म अध्यापन आणि दुसरा बालविकासाचा विषय.

सूक्ष्म अध्यापनात एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. सहा मिनिटं शिकवायचं, मैत्रिणी विद्यार्थी होऊन बसणार, एक जण निरीक्षण तक्ता भरणार, मग प्रत्याभरण, म्हणजे काय जमलं-काय चुकलं ते सांगणं, बारा मिनिटांत पुन्हा नियोजन आणि तोच पाठ परत. प्रश्न कौशल्याच्या वेळी आमच्या मॅडमनी घड्याळ हातात घेतलं. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने 1970च्या दशकात वर्गातल्या संवादाच्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखाद सेकंदच थांबतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मॅडम म्हणाल्या, "तीन सेकंद थांबून दाखवा." वर्गात कुणी काही बोलत नसताना तीन सेकंद फार मोठे असतात. जीभ आपोआप पुढचा प्रश्न विचारायला वळवळते. मी मनातल्या मनात 'एक गोदावरी, दोन गोदावरी, तीन गोदावरी' म्हणायला लागले. ती सवय अजून आहे.

बालविकासात स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे याने सांगितलेले मुलांच्या विचारांच्या वाढीचे टप्पे सगळ्यांनाच घोकावे लागतात. संवेदक-कारक, पूर्वक्रियात्मक, मूर्त क्रियात्मक, औपचारिक क्रियात्मक. सोबत एक प्रात्यक्षिक होतं. सहा-सात वर्षांच्या मुलांवर कॉन्झर्वेशनचा, म्हणजे आकार बदलला तरी वस्तू तेवढीच राहते ही समज तपासण्याचा, प्रयोग करायचा आणि अहवाल लिहायचा. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी, मग एकातलं पाणी उंच अरुंद भांड्यात ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त? पियाजेच्या मते साधारण सात वर्षांच्या आतलं मूल उंच भांड्याकडे बोट दाखवतं.

माझी सरावाची शाळा नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढची, जिल्हा परिषदेची. सकाळी गिरणाऱ्यात उतरलं की मजुरांचा बाजार भरलेला दिसायचा. पेठ, हरसूलकडून आलेली माणसं द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या कामावर जाण्यासाठी उभी असायची. त्यांचीच काही पोरं आमच्या शाळेत. मी चहाचे दोन काचेचे ग्लास आणि सरबताची एक उंच बाटली घेऊन पहिलीच्या वर्गाबाहेर ओट्यावर बसले. पहिली मुलगी आली. "दोन्हीत सारखं आहे का गं?" "हो." पाणी बाटलीत ओतलं. "आता?" तिने बाटलीकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी बारकाईने, मग हळूच बाटलीवर बोट ठेवलं.

ती नजर मला सोडेना. कारण आपल्याकडे बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला याचा अर्थ पहिलं उत्तर चुकलं, हे पोरं बालवाडीतच शिकतात. आमच्या मॅडमना सांगितलं, तर त्यांनी नेमकं हेच संशोधन पुढ्यात ठेवलं. रोझ आणि ब्लँक यांनी 1974मध्ये सहा वर्षांच्या मुलांना ओळीत मांडलेल्या वस्तूंविषयी दोनदा विचारण्याऐवजी एकदाच, म्हणजे मांडणी बदलल्यावर, विचारलं आणि बरोबर उत्तरं वाढली. 1984मध्ये सॅम्युअल आणि ब्रायंट यांना पाण्याच्या बाबतीतही तसंच आढळलं. मग मीही दुसऱ्या खेपेला आधीचा प्रश्न गाळला. पाणी भरलं, मुलांसमोर ओतलं आणि एकदाच विचारलं. सगळी मुलं बरोबर बोलली असं नाही. बरीच तरीही बाटलीच दाखवत होती, म्हणजे पियाजे खोटा पडला असंही नाही. पण माझ्या चेहऱ्याकडे बघणं कमी झालं. आता ती पाण्याकडे बघत होती.

एक मुलगी तर मलाच समजवायला लागली. "बाई, हंड्यातलं पाणी बादलीत वतलं की वाढतं का?" ती रोज आईबरोबर पाणी भरायला जायची. मेक्सिकोत कुंभारांच्या मुलांना मातीच्या गोळ्याबाबत हीच समज इतर मुलांपेक्षा चांगली असते, असं 1969च्या एका अभ्यासात आढळलं होतं. ते मी अहवालात तिच्या वाक्याखालीच लिहिलं.

दुसऱ्या वर्षी मोठी आंतरवासिता. दोन वर्षांत मिळून 20 आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले बहुतेक याच वर्षी. तिसरीला हातच्याची वजाबाकी घेत होते. एका मुलाने 52मधून 27 वजा करून 35 लिहिलं होतं. पुढचं गणित, 64 वजा 38, उत्तर 34. लाल पेनाने फुली मारायला एक क्षण लागतो. मी विचारलं, "कसं केलंस रे?" तो गप्प. एक गोदावरी, दोन गोदावरी, तीन गोदावरी. मग म्हणाला, "दोनातून सात जात नाही ना, मग सातातून दोन घालवले." म्हणजे त्याच्याकडे नियम होता, आणि तो दर वेळी इमानाने तोच नियम लावत होता. मला काड्यांचे गठ्ठे काढून दशकाचा एक गठ्ठा सोडवून दाखवायचा आहे, हे मला त्याच्या त्या एका वाक्याने कळलं. नुसती फुली पाहून कळलं नसतं.

त्या दिवसापासून मी एक पथ्य ठरवलं. 'कसं केलंस?' हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारायचा. नाहीतर मुलं आठवडाभरात ओळखतात की बाई असं विचारतात तेव्हा आपलं चुकलेलं असतं, आणि खोडरबर काढतात. सुरुवातीला माझ्या वर्गात हेच व्हायचं. बरोबर गणितही पोरं पुसायला लागायची. मग हळूहळू थांबलं. पुढे पुढे तर काही जण विचारायच्या आतच सांगायला लागले.

जानेवारीनंतर द्राक्षाचा हंगाम जोरात आला आणि पट रिकामा व्हायला लागला. मुख्याध्यापक सर म्हणाले, "बाई, तुमचा व्यक्ती अभ्यास ज्या मुलावर आहे, तो येत नसेल तर तुम्हीच जा." व्यक्ती अभ्यास म्हणजे एकाच मुलाचं बारकाईने निरीक्षण करून लिहायचा अहवाल. मी वाडीवर गेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला हेच केलं होतं. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणात शाळा. हे आम्ही परीक्षेसाठी पाच गुणांची टीप म्हणून पाठ केलं होतं. माझ्या व्यक्ती अभ्यासातला मुलगा वाडीवर द्राक्षाचे रिकामे क्रेट मोजत होता. पाचाच्या थप्प्या लावून, पाचापाचाने, न चुकता. वर्गात त्याला पाचाचा पाढा येत नव्हता. त्याची आई म्हणाली, "मोजणीला त्यालाच बसवतो आम्ही." व्यक्ती अभ्यासाच्या अहवालातलं सर्वांत मोठं पान या क्रेटच्या थप्प्यांचं आहे.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी पियाजेचे टप्पे विचारले नाहीत. त्यांनी तेच पान उघडलं आणि म्हणाले, "मग वर्गात पाढा कसा घेतला?" थप्प्या लावूनच, असं मी सांगितलं. त्यांनी पुढचं पान उलटलं.

आता टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, तयारी चालू आहे. पेपर एकमध्ये 150पैकी 30 गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला आहेत. यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी एक साधी वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. तारीख, मुलाचं वय, मुलाचे शब्द जसेच्या तसे. 'मुलगा आळशी आहे' असलं काही त्यात लिहू नये. तो काय म्हणाला आणि त्याने काय केलं, तेवढंच. माझे दोन्ही अहवाल त्या वहीतूनच उभे राहिले, आणि टीईटीचे प्रश्न सोडवतानाही मी आधी तीच वही उघडते.