तुम्ही नेमका कोणता ‘फँटेसिया’ पाहिला?

शनिवार, रात्री

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या तुकड्यांवर बेतलेल्या डिस्नेच्या ‘फँटेसिया’ या ॲनिमेशनपटावरची प्रेक्षकांची मते सलग वाचत गेले की एक गंमत दिसते. कुणाला निवेदक मास्तरकी करणारा वाटतो, तर कुणाला त्यात निवेदक होता हेच आठवत नाही. कुणी आवाजावर फिदा, कुणी म्हणतो व्हायोलिनवर जणू गोधडी टाकली आहे. भांडण जुंपते, आणि दोघेही खरे बोलत असतात. त्यांनी एकच चित्रपट पाहिलेलाच नसतो.

13 नोव्हेंबर 1940 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात झालेला पहिला खेळ मध्यंतरासह, सुमारे 125 मिनिटांच्या चित्रपटाचा होता. 1942 मध्ये वितरकाने तो कापून जेमतेम 80 मिनिटांवर आणला आणि बाखच्या संगीतावरचा पहिला तुकडा सरळ गाळला. 1946 मध्ये बाख परतला, पण निवेदक डीम्स टेलरचे बोलणे छाटलेलेच राहिले. 1956 मध्ये रुंद पडद्याच्या हौसेपायी चित्र ताणले. 1982 मध्ये तर मूळ संगीताचा संचालक स्टोकोव्स्की याचा वाद्यवृंदच काढून टाकला, अर्विन कॉस्टल या दुसऱ्या संचालकाकडून सगळे संगीत नव्याने डिजिटल मुद्रित करून घेतले आणि निवेदकही बदलला. 1990 मध्ये पन्नाशीच्या निमित्ताने स्टोकोव्स्की परत आला. 2000 च्या डीव्हीडीत टेलरचे पूर्ण निवेदन आणि मध्यंतर परत आले खरे, पण त्या भागांचा मूळ ध्वनी खराब झाला होता. मग सगळीकडे एकसारखा आवाज राहावा म्हणून टेलरचे प्रत्येक वाक्य कोरी बर्टन या आवाजाच्या कलाकाराने नव्याने म्हटले.

म्हणजे आज जो प्रेक्षक ‘टेलरचा आवाज फारच गुळगुळीत आहे’ म्हणतो, तो टेलरबद्दल बोलतच नसतो.

प्रत ओळखायची सोपी खूण अशी: पडदा उघडल्यावर वादक येऊन बसतात, वाद्ये जुळवतात, आणि टेलर निवांतपणे बोलतो का? मध्यभागी मध्यंतर आहे का? असेल तर 2000 नंतरची प्रत. बोलणे दोनचार वाक्यांत उरकले असेल आणि लांबी दोन तासांच्या आत असेल तर जुनी. कुठलेही मत वाचताना आधी एवढे विचारावे, निम्मे वाद तिथेच मिटतात.

रविवार

आवाजाबद्दलच्या तक्रारी मला सगळ्यात रास्त वाटतात, फक्त खापर चुकीच्या डोक्यावर फुटते. लोक स्पीकरला किंवा स्टोकोव्स्कीला दोष देतात.

मूळ योजना अफाट होती. संगीत बहुतांश फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये 1939 मध्ये मुद्रित झाले, वाद्यांच्या गटांसाठी वेगवेगळे ट्रॅक ठेवून. वाजवण्यासाठी ‘फँटासाउंड’ नावाची व्यवस्था उभी केली: चित्राच्या रिळाबरोबर ध्वनीचे स्वतंत्र रीळ चालायचे, त्यावर तीन ध्वनिपट्ट्या आणि आवाजाची पातळी सांभाळणारी चौथी. पण एका चित्रपटगृहात ती बसवायला सुमारे 85,000 डॉलर लागत. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद. साहजिकच मोजक्याच शहरांतल्या लोकांनी ते ऐकले. 1940 च्या परीक्षणांतली आवाजाची स्तुती आजच्या कानांना पटत नाही ती यामुळे. ते लोक दुसरेच काही ऐकत होते.

पुढे 1955 मध्ये हे ट्रॅक चुंबकीय फितीवर उतरवले. जुने ट्रॅक वाजवणारे यंत्र एकीकडे, नवे मुद्रणयंत्र दुसरीकडे, म्हणून ध्वनी चक्क टेलिफोनच्या तारांवरून पाठवला. वरच्या पट्टीतली चकाकी तिथे गेली. आज जी प्रत उपलब्ध आहे तिचे मूळ हेच. त्यामुळे टीव्हीवर ट्रेबल वाढवून व्हायोलिन उजळत नाही, खरखर तेवढी वाढते. ट्रेबल शून्यावरच ठेवावा.

खालच्या पट्टीचे उलटे आहे. ती फितीत आहे, पण लॅपटॉपमधून येत नाही. ‘सॉर्सरर्स ॲप्रेंटिस’ या तुकड्यात जादूगाराचा चेला झाडूला पाणी भरायला लावतो; त्या झाडूचे तुकडे तुकडे होतात, सगळे थांबते, आणि काँट्राबसून हे खोल आवाजाचे फुंकवाद्य एक घोगरा हुंकार देते. या वाद्याचा तळ 30 हर्ट्झच्या आसपास जातो. लॅपटॉपचे चिमुकले स्पीकर 150 च्या खाली गप्पच. ज्याला तो हुंकार ऐकू आला नाही त्याला झाडू ‘उगाच’ पुन्हा उठलेला दिसतो. हेडफोन साधे असले तरी चालतील, पण लावावेत.

टीव्हीवर पाहणार असाल तर आधी तीन गोष्टी बंद करा. पहिली, चित्र गुळगुळीत करणारी सोय. इथे बराचसा भाग एक चित्र दोन फ्रेम, म्हणजे सेकंदाला 12 चित्रे, या हिशेबाने काढलेला आहे. टीव्ही मधली चित्रे स्वतःच्या मनाने भरतो, मग रेषांच्या कडा पाघळतात आणि ठेक्यावर पडणारे पाऊल ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे सांडते. दुसरी, पडदा भरून दाखवण्याची सोय. चौकट जुन्या टीव्हीसारखी, जवळजवळ 4:3 आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्याच पाहिजेत. तिसरी, रात्रीसाठी आवाज सपाट करणारी सोय. आवाजाची पातळी ‘नटक्रॅकर’मध्ये शुगर प्लम परीची सेलेस्टा किणकिणते तिथे ठरवावी आणि मग रिमोट लांब ठेवावा. स्ट्राव्हिन्स्कीच्या तुकड्याच्या सुरुवातीला ‘बसून’ हे फुंकवाद्य एकटेच हळू वाजते ते ऐकून लोक आवाज वाढवतात, ज्वालामुखी फुटले की दचकून कमी करतात, आणि पुढचे अर्धे ऐकूच येत नाही.

सोमवार

मतभेदांचा खरा आखाडा दोन तुकड्यांत आहे: स्ट्राव्हिन्स्की आणि बेथोव्हन.

‘राइट ऑफ स्प्रिंग’ हे 1913 चे बॅले. त्यात प्राचीन रशियातली टोळी एका मुलीचा बळी देते, ती नाचत नाचत मरते. डिस्नेने तिथे पृथ्वीचा जन्म आणि डायनोसॉर आणले. संगीताचा क्रम बदलला, अवघड भाग गाळले, सुरुवातीची ‘बसून’ वाद्याची धून शेवटी पुन्हा आणली. चित्रपटातल्या संगीतकारांपैकी तेव्हा एकटा स्ट्राव्हिन्स्की हयात होता आणि पुढे त्याने यावर कडाडून टीका केली. त्याची बाजू रास्तच आहे. तरी हा तुकडा मला चित्रपटातला सर्वांत धीट वाटतो, कारण इथे कुणी गोंडस नाही. विज्ञानाचे आक्षेप मात्र दोन प्रकारचे आहेत आणि ते वेगळे ठेवावेत. टायरॅनोसॉर आणि स्टेगोसॉर यांची झुंज ही चूकच, दोघांमध्ये सुमारे आठ कोटी वर्षांचे अंतर आहे. टायरॅनोसॉरला तीन बोटे दिली तीही दिसायला बरी म्हणून. पण शेवट दुष्काळाने होतो आणि उल्का दिसत नाही, यात चित्रकारांचा दोष नाही. उल्केचा सिद्धांत मांडला गेला 1980 मध्ये.

बेथोव्हनच्या ‘पास्टोरल’ सिंफनीबद्दल मी मवाळ होऊ शकत नाही. बेथोव्हनने स्वतःच बजावून ठेवले होते की हे चित्र रंगवणे नव्हे, भावना व्यक्त करणे आहे. त्यावर ग्रीक पुराणातला ऑलिंपस, अर्धा माणूस-अर्धा घोडा अशा सेंटॉरांच्या जोड्या, झ्यूसचे वज्र असा सगळा बाजार मांडला. साधारण 40 मिनिटांची सिंफनी 22 मिनिटांत बसवली. मूळ विचार तर पिएर्ने या फ्रेंच संगीतकाराच्या बॅलेसंगीतावर हा पुराणपट बेतण्याचा होता, बेथोव्हन मागाहून आला, आणि ते दिसते. सेंटॉरिणींचे खूर घासणारी सनफ्लॉवर ही वंशद्वेषी थट्टेतून आलेली काळी सेंटॉर मुलगी 1969 पासून काढून टाकली आहे. काही प्रतींत शॉट मोठा करून तिला चौकटीबाहेर ढकलले, त्यामुळे मध्येच चित्र रवाळ होते. प्रत खराब आहे म्हणून तक्रार करणाऱ्यांनी तो रवाळपणा कुठे येतो ते पाहावे.

‘संगीताला चित्र हवेच कशाला’ हा आक्षेप आपल्याकडचा रसिक हमखास घेतो. पण आपण तरी रागांना रूप दिलेच की. रागमालेतली तोडी वीणा घेऊन हरणांमध्ये उभी असते. फरक एवढाच की ती उभीच असते. गवई विलंबितात रेंगाळला काय, द्रुतात गेला काय, हरीण ठेका चुकत नाही. चित्र हलू लागले की संगीताचा वेळ दोघांत वाटला जातो, आणि कोण कुणाच्या मागे चालतो हा प्रश्न येतो.

बुधवार

कोण कुणाच्या मागे, तर इथे चित्र संगीताच्या मागे. वाद्यवृंद आधी मुद्रित झाला, मग ट्रॅक फ्रेमागणिक वाचून प्रत्येक आघात कोणत्या फ्रेमवर येतो ते तक्त्यावर टिपले, आणि त्यावर चित्रे बेतली. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एका मात्रेला बरोबर 12 फ्रेम मिळतात. पण स्टोकोव्स्की काही मेट्रोनोम नव्हे, कुठे 11, कुठे 13. ते ओढणे-सोडणे चित्रातही उतरले. म्हणूनच 1982 चे नवे मुद्रण इतके अडखळते: तिथे वाद्यवृंदाला आधीच काढलेल्या चित्रांच्या मागे धावावे लागले. आवाज स्वच्छ, पण श्वास उसना.

झाडूंचा तुकडा सर्वांना आवडतो त्याचे कारणही साधे आहे. संगीतकार ड्यूकाने 1897 मध्ये जर्मन कवी गटेच्या कवितेवरून तो लिहिला तेव्हाच त्यात झाडू, पाणी, कुऱ्हाड सगळे होते. डिस्नेला गोष्ट शोधावी लागली नाही. सुमारे नऊ मिनिटांवर सव्वा लाख डॉलर उडाले, एवढ्या खर्चाचा लघुपट एकटा भरून निघणार नाही म्हणून मोठा चित्रपट झाला.

मुलांना दाखवायचा असेल तर इथूनच सुरुवात करावी. बाखचे अमूर्त रंग आधी दाखवले तर दहा मिनिटांत मुले पसार होतात. मग ‘नटक्रॅकर’मधला अळंब्यांचा नाच, मिनिटभराचाच आहे, मग ‘डान्स ऑफ द अवर्स’. ‘बाल्ड माउंटन’चा सैतान सहासात वर्षांच्या मुलांसाठी खरोखर भीतिदायक आहे, तो मागे ठेवावा.

‘डान्स ऑफ द अवर्स’ला पोटभरू विनोद म्हणून बाजूला सारणारे बरेच आहेत. त्यांनी पाणघोडीची पावले पुन्हा पाहावीत. खऱ्या बॅले नर्तकींच्या हालचाली अभ्यासून ती काढली आहेत. वजन कुठल्या पायावर आहे ते प्रत्येक क्षणी कळते, उडी मारण्याआधी ती गुडघ्यात नीट वाकते. विनोद जाडीचा नाही. एवढ्या देहानिशी ती तंत्र अचूक पाळते, आणि वेळ आल्यावर सोफा तिच्याखाली वाकतो, यात तो आहे. पाँकिएल्लीच्या संगीताची इथे टिंगल केलेली नाही. मगरी झगे फडफडवत शिरतात ते अगदी तालावर, आणि शेवटी महालाची दारे बिजागऱ्यांतून निखळून पडतात तीही.