करबुड्याच्या काचेत

उक्षी स्टेशन सुटलं की मी खिडकीला चिकटून बसतो. पुढे करबुड्याचा बोगदा, चांगला साडेसहा किलोमीटरचा. गाडी आत शिरते, बाहेरची हिरवीगार भातं एकदम पुसली जातात आणि काचेत डब्यातले दिवे नि आपलं तोंड तेवढं उरतं. १९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली, त्या वर्षी गणपतीला येताना मी दहावीत होतो. तेव्हा या काचेत मिसरूड फुटू लागलेला एक पोरगा दिसला होता आणि त्याच्या खांद्यामागे बाबा. यंदा पाहिलं, तर पोरगा गायब. नुसते बाबाच. चष्मासुद्धा तसाच नाकावर घसरलेला.

कालप्रवासाच्या गोष्टींत अशा गाठीभेटींचा भलता धाक असतो. जुना ‘मी’ दिसला तर लपा, समोर आलात तर काळाचा गुंता होईल, वगैरे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने १८९५ साली ‘द टाइम मशीन’ या कादंबरीत आपला प्रवासी थेट ८,०२,७०१ सालात धाडला, पण त्याला स्वतःच्याच म्हातारपणात डोकावू दिलं नाही. शहाणा माणूस. आठ लाख वर्षांनंतरचं जग एकवेळ बघवेल, स्वतःचं सुटलेलं पोट नाही.

अर्जेंटिनाचा कथाकार बोर्हेस, त्याने मात्र हा धाक मानला नाही. त्याच्या ‘दुसरा’ या कथेत सत्तरीला टेकलेला बोर्हेस १९६९ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये नदीकाठी बाकावर बसलाय. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला विशीही न गाठलेला बोर्हेस. आणि त्याच्या मते तो बाक जिनिव्हात आहे! ओळख पटवायला म्हातारा घरातल्या वस्तू एकेक करून सांगतो. पोरगा म्हणतो, तुम्ही माझ्या स्वप्नात असाल, तर मला ठाऊक असलेलं तुम्हाला ठाऊक असणारच. बिनतोड! पुढे दोघांचं फारसं जमतही नाही. उद्या इथेच भेटू म्हणतात, आणि दोघांनाही यायचं नसतं.

मी तरी त्या दहावीतल्या पोराला काय सांगणार? वरच्या अंगाची कलमं विकू देऊ नकोस. रात्री दात घास. तो ऐकणार नाही ते सोडा, त्याला काही वेगळं घडतंय हेसुद्धा कळायचं नाही. कोकणच्या गाडीत समोरचा अनोळखी माणूस पनवेल यायच्या आत सल्ला द्यायला लागतो, त्यात नवल ते काय! त्या पहिल्या प्रवासात समोर एक गृहस्थ होते खरे. ओंजळीत शेंगदाणे घालत मला म्हणाले होते, “दाढा सांभाळ रे बाबा.” दोन रूट कॅनॉल झाल्यावर आता मला त्यांच्याविषयी दाट संशय येतो.

हॅरी पॉटरच्या तिसऱ्या पुस्तकात तळ्याकाठी जीव जायची वेळ येते, तेव्हा पलीकडच्या काठावर हॅरीला कुणीतरी दिसतं. त्याला वाटतं, आपले वारलेले वडीलच आले. मग काळ तीन तास मागे फिरवून तो त्याच पलीकडच्या काठावर वडिलांची वाट बघत उभा राहतो. कोणी येत नाही. मग उलगडतं, की आपण पाहिलं ते आपल्यालाच. मुलीला हे वाचून दाखवताना माझा आवाज नेमका तिथे बसला होता. खोकल्याचं निमित्त केलं.

नेवऱ्याकडच्या आमच्या वाडीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शेजारच्या आजी पडवीत वाती वळत बसल्या होत्या. नजर अधू झालीय, आठवणही. मला बघून त्यांनी बाबांच्या नावाने हाक मारली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी सांगायला तोंड उघडलं होतं.

“एकटाच आलास?” त्यांनी विचारलं. “पोराला नाय आणलास?”

“आणलाय,” मी म्हटलं. “मागनं येतोय.”