माकडाचं चित्र आणि टी-शर्ट

शुक्रवारचा म्हापसा बाजार उरकून भाच्याबरोबर चहाला बसले होते. तो फॅशन डिझाइन शिकतो, त्यामुळे हल्ली पिशवीत भाजी कमी, कापडाचे तुकडे जास्त. "मावशी, जीमनी माहीत आहे गो?" मला वाटलं, पैसे पाठवायचं नवं ॲप!

तर हा माणूस आहे. इंटरनेटवर याच टोपणनावाने वावरतो. जानेवारी २०२१ मध्ये त्याने १४० इथर (हे एक क्रिप्टो चलन) मोजून एक क्रिप्टोपंक, म्हणजे मालकीची डिजिटल नोंद असलेलं संगणकी चित्र, घेतला: माकडाचं चित्र, २४ बाय २४ पिक्सेलचं. १०,००० पंकांत माकडं २४च, म्हणून हा भाव. (माझ्या डोक्यात हे काही शिरत नाही.) इंटरनेटवर तेच चित्र त्याचा चेहरा झालं. डिसेंबर २०२१ मध्ये आदिदासने त्याला बरोबर घेतलं, आणि २०२२ मध्ये त्याने ९डीसीसी हा स्वतःचा कपड्यांचा ब्रँड काढला. टी-शर्टातच एनएफसी चिप (मोबाइल जवळ नेला की माहिती देणारी), मोबाइल टेकवला की अस्सल-नकली कळतं.

ही चिप मात्र मला पटली. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडीला, म्हणजे इथल्या कुणबी बायकांच्या हातमागाच्या चौकडीच्या साडीला, पुन्हा चांगले दिवस दाखवले, पण आता लाल चौकडीचं कुठलंही कापड 'कुणबी' म्हणून खपतं. भाच्याने तिथेच एका तुकड्याचा काठ उलटून दाखवला. हातमागावर कापड ताणून धरतात, त्याची टाचणीएवढी भोकं काठाला राहतात. पर्यटक कुठे काठ बघतो?

"पण ती चिप धुण्यात टिकते का रे? आमच्याकडे कपडा दगडावर आपटतात."

"त्या टी-शर्टाला दगडावर कोण आपटणार, मावशी!"