नानबोकूच्या मागावर तोक्योत

काबुकी हे जपानचं पारंपरिक नाटक बघायला तोक्योत आलेला माणूस बहुधा हिगाशी-गिन्झाला उतरतो, काबुकी-झा या नाटकगृहासमोर फोटो काढतो आणि आत जातो. यावेळी मला नटांपेक्षा लिहिणाऱ्यामागे फिरायचं होतं, म्हणून मी निंग्योचोला उतरलो. काबुकीचा नाटककार चौथा त्सुरुया नानबोकू (१७५५–१८२९) याच भागात, एका रंगाऱ्याच्या घरात जन्मला. नाकामुरा-झा आणि इचिमुरा-झा ही एदोमधली, म्हणजे जुन्या तोक्योतली, दोन मोठी नाटकगृहं हाकेच्या अंतरावर होती. पोर नाटकाच्या नादी लागलं नसतं तरच नवल! १८४० च्या दशकात सरकारने ही नाटकगृहं उचलून असाकुसाकडे धाडली. आता इथे कचेऱ्या आहेत, खाऊची जुनी दुकानं आहेत आणि नाटकपेठ होती म्हणून सांगणारा एक फलक आहे. पाहण्यासारखं एवढंच.

विशीत तो साकुरादा जिसुके या नामांकित नाटककाराकडे उमेदवारीला लागला. काबुकीत एकट्याने नाटक लिहायची पद्धत नव्हती. मुख्य लेखक आराखडा आखायचा, महत्त्वाचे प्रवेश स्वतः लिहायचा आणि किरकोळ प्रवेश हाताखालच्यांच्या गळ्यात टाकायचा. नकला उतरवणं, विंगेतून प्रॉम्प्टिंग करणं ही कामंही त्यांचीच. नानबोकूची पंचवीसेक वर्षं यात गेली. पण त्याची नाटकं वाचली की वाटतं, ती फुकट गेली नाहीत. कुठला नट किती सेकंदांत कपडे बदलू शकतो, कुठल्या फळीखाली माणूस मावतो, हे विंगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

नाव झालं ते १८०४ च्या उन्हाळ्यात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. कोबिकिचोच्या कावाराझाकी-झामध्ये, म्हणजे आजच्या काबुकी-झाच्याच परिसरात, ‘तेनजिकू तोकुबेई’ लागलं. तेनजिकू म्हणजे आपला हिंदुस्थान. तोकुबेई हा सतराव्या शतकात सयाम आणि हिंदुस्थानपर्यंत जाऊन आलेला खरा दर्यावर्दी. नानबोकूने त्याला बेडकाची जादू करणारा कटवाला बनवलं. नट ओनोए मात्सुसुके पाण्यात उडी मारायचा आणि क्षणात भलत्याच वेषात, कोरड्या कपड्यांनी समोर यायचा. आपल्याकडच्या कंपनी नाटकांतला ट्रिकसीनच, पण दोनशे वर्षांपूर्वीचा. यात ख्रिस्ती चेटूक आहे अशी आवई उठली आणि अधिकारी तपासाला आले, असं सांगतात. ती आवई नाटकवाल्यांनीच उठवली असणार, असा माझा आपला संशय. त्सुरुया नानबोकू हे नाव त्याने घेतलं १८११ मध्ये. ते त्याच्या सासऱ्याचं, एका विनोदी नटाचं नाव.

गिन्झाहून मेट्रोच्या मारुनोउची लाइनने योत्सुया-सानचोमे. सामोनचोच्या गल्लीत घराघरांमध्ये चेपून बसलेलं ओइवाचं देऊळ आहे, आणि समोरच योउनजी नावाचं बौद्ध मंदिर, तेही ओइवाचंच म्हणवणारं. देवळाची कथा अशी की खरी ओइवा १६३६ मध्ये वारली. कष्टाळू, संसार सावरणारी बाई होती, म्हणून तिची पूजा सुरू झाली. नानबोकूने जवळजवळ दोन शतकांनी तिचं नाव उचललं आणि जपानचं सगळ्यांत भयंकर भूत केलं. आजही ‘योत्सुया काइदान’ हे तिच्या भुताचं नाटक बसवताना नट आधी इथे येऊन हात जोडतात. तिसऱ्या घंटेआधी नटराजासमोर नारळ फोडणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की इथे ज्या बाईचं भूत केलं, तिचीच परवानगी मागायची असते.

१८२५ मध्ये नाकामुरा-झात हे नाटक आलं तेव्हा नानबोकू सत्तरीचा होता. ते ‘चूशिनगुरा’त गुंफून दोन दिवस खेळवलं गेलं. ‘चूशिनगुरा’ म्हणजे धन्याचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस निष्ठावान सामुराईंची गोष्ट. त्याच धन्याचा आणखी एक बेकार नोकर म्हणजे इएमोन. हा छत्र्या बनवून पोट भरतो, आणि श्रीमंत शेजाऱ्याची नात मिळतेय म्हटल्यावर बाळंतीण बायकोकडे पाठ फिरवतो. शेजाऱ्याने औषध म्हणून पाठवलेल्या विषाने ओइवाचा चेहरा विद्रूप होतो. केस विंचरायला बसली की झुपक्यांनी गळतात. पुढे दाराच्या फळीच्या एका बाजूला तिचं प्रेत आणि दुसऱ्या बाजूला मारलेल्या गड्याचं, दोन्ही एकाच नटाने करायची. पहिल्या प्रयोगात ती किमया तिसऱ्या ओनोए किकुगोरोने केली. ओइवा पेटत्या कंदिलातून बाहेर येते तो प्रवेशही आज हमखास दाखवतात.

मला मात्र या सगळ्याहून मच्छरदाणीचा प्रवेश हादरवतो. इएमोन गहाण टाकायला घरातली मच्छरदाणीसुद्धा ओढून नेतो, तान्ह्या पोरासाठी ओइवा ती सोडत नाही, आणि तिची नखं उचकटली जातात. भूत यायला अजून अवकाश असतो, पण भीती इथेच सुरू झालेली असते. निष्ठेच्या पोवाड्याशेजारी हे दारिद्र्य उभं करायला छाती लागते. नानबोकूच्याच ‘साकुराहिमे’तही (१८१७) खानदानी घराण्यातली मुलगी वेश्यावस्तीत पोचते आणि तिथे मजेत रुळते. २०२१ मध्ये निझाएमोन आणि तामासाबुरो या नटांनी ते काबुकी-झात पुन्हा केलं तेव्हाही लोकांच्या उड्या पडल्या.

शेवटी हानझोमोन लाइनने ओशिआगे. ६३४ मीटरच्या स्कायट्री मनोऱ्याकडे जाणारी गर्दी सोडून थोडं चाललं की शुनकेइजी लागतं. देऊळ कसलं, बहुमजली इमारतच. नानबोकूची कबर इथे आहे. कुणी थांबत नव्हतं.

मरण्याआधी त्याने स्वतःच्या अंत्यविधीसाठी छोटा फार्स लिहून ठेवला होता. तो छापून अंत्यविधीला आलेल्या लोकांना वाटला गेला. त्यात नानबोकू शवपेटीतून बाहेर येतो आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छांचं गाणं नाचत म्हणतो. अंत्यविधीचा महिनाही नव्या वर्षाचाच साधला होता: जपानी पंचांगाचा पहिला महिना, सन १८३०.