वास न आलेला नमुना

शिशा-जस्ताच्या खनिजाच्या भुकटीवर हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतून बीकर हॉट प्लेटवर ठेवला की सडक्या अंड्याचा वास सुटतो. फ्यूम हूड चालू असला तरी थोडा येतोच. शेजारच्या गाळ्यातले प्रिंटिंगवाले त्या वासावरून आमच्याकडे आज कसलं काम आहे ते ओळखतात. त्या दिवशी बीकर नुसता फसफसला. वास नाही.

मरोळ एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी खनिजं तपासते. ग्राहक कोण ते सांगणार नाही, आकडेही थोडे इकडचे तिकडे केलेत. माल तुर्कस्तानातला, टॉरस पर्वतरांगेत अलादागच्या बाजूला शिशा-जस्ताचे साठे आहेत तिथला. इकडे एक मध्यस्थ त्या खाणीत भागीदारीसाठी पैसे गोळा करत होता. कापडी पिशव्यांतून मुठीएवढे दगड आले. फॉर्मवर मागणी एवढीच: एकूण शिसं, एकूण जस्त. ‘नमुना कोणी काढला’ या रकान्यात रेघ.

दगड बघताच कळतं की हे वेचलेले आहेत. डोंगराचा खरा नमुना कंटाळवाणा असतो, त्यात निम्मा नुसता दगडच येतो. हे सगळे वजनदार, हाताला भरणारे, आणि रंगाने मात्र तांबूस, मातकट. गॅलिना, म्हणजे शिसं आणि गंधकाचं खनिज, फोडला की आरशासारखा चमकतो; इथे चमक नावाला होती.

आमच्या कामातला निम्मा जीव वजन करण्याआधीच खर्च होतो. दगड फोडायचा, पसरायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा तेच. मग पल्व्हरायझरमधून टाल्कम पावडरीसारखी पूड. जुलैत ती पूड १०५ अंशांवर वाळवून लगेच डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवाबंद कोरड्या भांड्यात ठेवली नाही, तर मुंबईची हवा तिच्यात शिरते आणि वजनात पाणीच मोजलं जातं. ट्रेनी पोरांना हे पटत नाही. त्यांना एक्सआरएफची, म्हणजे क्ष-किरणांनी धातू मोजणारी बंदूक रोखून तीस सेकंदांत आकडा हवा असतो. बंदूक जस्त किती ते सांगते, पण ते कशाशी बांधलेलं आहे ते सांगत नाही. या प्रकरणात सगळी गोम तिथेच होती.

फसफसण्याचं मला काही वाटलं नाही. हे साठे चुनखडीतच असतात, ती फसफसणारच. पण गॅलिना आणि जस्ताचं नेहमीचं खनिज स्फॅलेराइट ही सल्फाइडं, म्हणजे धातू गंधकाशी बांधलेला. ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, सुटायलाच हवा.

टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून धातू मोजणं, छान झालं. शिसं सल्फेट करून वेगळं काढलं, लोह अमोनियाने पाडलं, मग जस्ताला पकडणारं ईडीटीएचं द्रावण. त्यात घातलेल्या झायलेनॉल ऑरेंज या दर्शकाचा जांभळट लाल रंग एका थेंबात लिंबासारखा पिवळा होतो, तो थेंब मला अजून डोळ्यांनीच पकडायला आवडतो. कॅडमियम जस्ताच्या आडून मोजलं जातं; ते ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनच्या यंत्रावर काढून वजा केलं. जस्त ३२ टक्के, शिसं १४.

वास डोक्यातून जाईना म्हणून कुणी न मागितलेली चाचणी केली. अमोनियम ॲसिटेटमध्ये शिशाचं कार्बोनेट विरघळतं, गॅलिना तळाशी राहतो. जस्तासाठी अमोनिया आणि अमोनियम क्लोराइडचं द्रावण. बहुतेक सगळं विरघळलं. म्हणजे सेरुसाइट आणि स्मिथसोनाइट, शिशाचं आणि जस्ताचं कार्बोनेट. खनिज खरं, धातूही खरा. पण मध्यस्थाच्या रंगीत पत्रकात खाणीशेजारी छोटा फ्लोटेशन प्लांट टाकायचा बेत होता, आणि फ्लोटेशनमध्ये, म्हणजे पाण्यात फेस करून खनिज वेगळं काढताना, झँथेट नावाचं रसायन चिकटून फेसावर येतात ती सल्फाइडं. कार्बोनेट खाली बसतं. त्याला आधी सोडियम सल्फाइड पाजा, नाहीतर फिरत्या भट्टीत जस्त वाफेत उडवून ऑक्साइडची पूड पकडा. तसं करतात, त्यात काही वावगं नाही, पण तो कारखाना वेगळा आणि खर्चही वेगळा. त्या पट्ट्यात कार्बोनेटच जास्त, हे भूगर्भशास्त्राच्या माणसाला नवीन नाही. पत्रक लिहिणाऱ्याने तसा माणूस गाठलाच नव्हता, किंवा गाठून गप्प बसवला होता.

लॅबच्या सरांना दाखवलं. “मागितलंय का त्यांनी? मग अहवालात जाणार नाही.” नियमाने त्यांचं बरोबर होतं. दोनच आकडे गेले.

काही आठवड्यांनी गिरगावातले एक निवृत्त काका अहवालाची झेरॉक्स घेऊन आले. पत्रकात दोन्ही आकड्यांची बेरीज करून ४६ टक्के छापलं होतं.

“मॅडम, शंभर टनाला शेहेचाळीस टन धातू. बरोबर ना?”

“नमुन्यात तेवढा आहे, काका.”

“नमुना म्हणजे तोच डोंगर ना?”

आपल्या अरवलीत झावरच्या खाणी एक आकडी टक्क्यांवर चालतात, हे त्यांना कोण सांगणार? तळाची ओळ बोटाने दाखवली: हा अहवाल फक्त प्राप्त नमुन्यापुरता आहे.

“हे सगळ्याच कागदांवर असतं हो. औषधाच्या बाटलीवरसुद्धा.”

ग्राहकाचं काम तिसऱ्याला सांगायचं नाही, आयएसओ १७०२५ हे लॅबसाठीचं मानक आम्हाला तेच शिकवतं. त्यामुळे माझ्या जादा चाचणीबद्दल मी बोलले नाही. म्हटलं, पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. नमुना कोणी काढला? किती ठिकाणी ड्रिलिंग झालंय? आणि जस्त सल्फाइडमधलं किती, कार्बोनेटमधलं किती? तिसरा प्रश्न त्यांनी झेरॉक्सच्या पाठीवर मला पुन्हा सांगायला लावून लिहून घेतला.

केबिनचं दार उघडं होतं. काका गेल्यावर सर म्हणाले, “तू लॅबमध्ये आहेस, ग्राहक मंचात नाही.” सर वाईट नाहीत; प्रत्येक ॲनालिस्ट असा बोलायला लागला तर लॅबवर विश्वास कोण ठेवेल, हेही मला कळतं. पण जे प्रश्न कुणीही विचारायला हवेत तेवढेच मी सांगितले, की माहीत असलेलं उत्तर प्रश्नाच्या वेषात बाहेर काढलं? यावर माझं मत लोकलमध्ये चढताना एक असतं आणि उतरताना दुसरं.

मागच्या आठवड्यात त्याच ग्राहकाच्या नव्या पिशव्या आल्या. या वेळी फॉर्मवर एकूण शिसं, एकूण जस्त आणि खाली हाताने लिहिलेलं: कार्बोनेटमधलं जस्त वेगळं द्यावं. काकांनी विचारलं की आणखी कुणी, कळायला मार्ग नाही. नमुना काढणाऱ्याच्या रकान्यात मात्र पुन्हा रेघच आहे. मी फॉर्म परत पाठवलाय.