कुठलं टेम्प्टेशन?

न्यू ऑर्डर या मँचेस्टरच्या बँडच्या चाहत्याशी बोलताना एक पथ्य पाळावं. 'मला त्यांचं टेम्प्टेशन हे गाणं फार आवडतं' असं मोघम बोलू नये. आपल्याला वाटतं, समोरचा खूश होईल, हात मिळवील. तसं काही होत नाही. तो मान किंचित तिरकी करतो आणि विचारतो, "कुठलं?"

कुठलं म्हणजे 1982 मधलं की 1987 मधलं. सात इंची तबकडीवरचं की बारा इंची. आपण गडबडून 'ते आपलं... सबस्टन्सवरचं' म्हणालो की संपलंच. चेहऱ्यावर एक सहानुभूतीचं हसू येतं. शास्त्रीय गाणं कळत नाही हे कबूल करणाऱ्या माणसाकडे जाणकार बघतात, तेच ते हसू.

नोकरीपायी मँचेस्टरला राहायला आल्यापासून हे हसू मी बऱ्याचदा झेललं आहे. आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दोन पक्के न्यू ऑर्डरवाले बसतात. एक निवृत्तीला टेकलेले. न्यू ऑर्डरचाही पैसा असलेला हॅसिएंडा क्लब 1982 साली उघडला तेव्हा हे ऐन तारुण्यात होते, आणि आज तिथे त्याच नावाच्या फ्लॅटची इमारत उभी आहे हे त्यांना अजून सहन होत नाही. दुसरा त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान. दोघांचं सबस्टन्स या एकाच संग्रहावर इतकं प्रेम आहे, की त्यावरून ते गेली कित्येक वर्षं भांडत आहेत.

संग्रह आला ऑगस्ट 1987 मध्ये. पांढरं शुभ्र कव्हर, त्यावर काळ्या अक्षरांत नाव आणि साल, बाकी काही नाही. आत बारा गाणी, आणि सीडीच्या संचात दुसऱ्या सीडीवर तबकड्यांच्या मागच्या बाजूंची गाणी. एरवी अशा 'निवडक' संग्रहांबद्दल चाहत्यांचं मत ठरलेलं असतं: कंपनीला पैसे हवे होते, बँडला नवं काही सुचत नव्हतं, म्हणून जुनंच पुन्हा विकलं. सबस्टन्सबद्दल तसं सहजासहजी म्हणता येत नाही, कारण यातली बरीचशी गाणी ब्रिटनमध्ये कुठल्याच आल्बमवर नव्हती. एकदा सुटी तबकडी (सिंगल) म्हणून आलेलं गाणं आल्बममध्ये पुन्हा घालून लोकांना तेच दोनदा विकायचं नाही, असा या मंडळींचा खाक्या होता. 'ब्लू मंडे' 1983 च्या मार्चमध्ये आलं आणि मे महिन्यात आल्बम आला, तर त्या आल्बमच्या ब्रिटिश आवृत्तीत 'ब्लू मंडे'चा पत्ता नाही! आपलं सर्वांत गाजलेलं गाणं बाहेर ठेवून आल्बम काढणारा बँड म्हणजे एकतर फार तत्त्वनिष्ठ असला पाहिजे किंवा त्याला हिशेब येत नसला पाहिजे. इथे दोन्ही होतं. त्या तबकडीचं डिझायनर पीटर सॅव्हिलने केलेलं फ्लॉपी डिस्कसारखं कापीव कव्हर इतकं महाग पडायचं, की प्रत्येक प्रतीमागे कंपनीला तोटा व्हायचा, असं सांगतात. तोटा किती पेन्सचा, यावर अर्थातच मतभेद आहेत.

मग हा संग्रह निघाला कशाला? न्यू ऑर्डरच्या तबकड्या काढणाऱ्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीचे टोनी विल्सन यांनी नवी जॅग्वार घेतली होती, तिच्यात सीडी प्लेअर होता, आणि न्यू ऑर्डरच्या सगळ्या सुट्या तबकड्या गाडीत ऐकता याव्यात अशी त्यांची इच्छा होती, म्हणून. ही गोष्ट आमच्या टेबलावर दर दोन महिन्यांनी एकदा तरी होतेच. ज्येष्ठांना ती सांगताना आनंदही होतो आणि रागही येतो. "म्हणजे एका माणसाच्या गाडीसाठी," ते म्हणतात, "माझं टेम्प्टेशन बदललं."

तर टेम्प्टेशन. 1982 च्या बारा इंची तबकडीवरचं हे गाणं जवळजवळ नऊ मिनिटांचं. त्यात एका ठिकाणी गायक बर्नार्ड समनर चक्क किंचाळतो. रेकॉर्डिंग चालू असताना कुणीतरी त्याच्या शर्टात बर्फाचा गोळा टाकला, अशी कथा आहे. ती किंकाळी तशीच ठेवली गेली, तबकडीवर छापली गेली, आणि चाहत्यांनी ती डोक्यावर घेतली. 1987 मध्ये सबस्टन्ससाठी हे गाणं नव्याने रेकॉर्ड केलं. आवाज स्वच्छ, ठेका घट्ट, लांबी कमी. किंकाळी गायब. 'कन्फ्यूजन'ही असंच नव्याने केलं. 'द परफेक्ट किस'चा शेवट कापला, 'शेलशॉक' आणि 'सब-कल्चर' चांगलेच छाटले. मूळ तबकड्या घरात असणाऱ्या माणसाला हे सगळं मिनिट-सेकंदानिशी ऐकू येतं. तो गाणं ऐकत नसतोच, त्यात काय नाही ते ऐकत असतो.

लग्नाला पाचशे माणसं येऊन जेवून गेली तरी नंतर वर्षभर बोलणं होतं ते बोलावणं न गेलेल्या आत्याबद्दल. संग्रहाचंही तसंच. 'प्रोसेशन'चं उदाहरण घ्या. 1981 साली ब्रिटनमध्ये ते तबकडीच्या दर्शनी बाजूचं गाणं होतं आणि 'एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन' मागच्या बाजूला. सबस्टन्सवर मागचं गाणं पुढच्या पंगतीत जाऊन बसलं आणि 'प्रोसेशन'ची रवानगी दुसऱ्या सीडीवर, मागच्या बाजूंच्या गाण्यांत. "हा अन्याय आहे," असं ज्येष्ठ म्हणाले तेव्हा मला वाटलं गंमत करताहेत. नव्हते करत.

धाकट्याची बाजू अगदी उलटी. त्याने 1987 च्या आधीचं काहीच त्या-त्या काळात ऐकलेलं नाही. शाळकरी वयात हातात आली ती सबस्टन्सची कॅसेट, आणि कॅसेटवर सीडीवर न मावलेली काही गाणीही होती, हे तो सीडीवाल्यांना आजतागायत ऐकवतो. त्याच्या लेखी मूळ टेम्प्टेशन हेच. पुढे कधीतरी त्याने 1982 चं शोधून ऐकलं, तेव्हा ते त्याला कच्चं, ढिलं आणि उगाच लांबवलेलं वाटलं. आणि ती किंकाळी? "कोणीतरी चूक केली आणि ती खोडली नाही," असं तो म्हणाला. ज्येष्ठांनी त्या दिवशी चहा अर्धाच घेतला.

माझं म्हणणं असं, की यात संगीताचा संबंध फार थोडा आहे. ज्याने जे आधी ऐकलं ते त्याचं खरं. बाकीचे सगळे तोतये. एवढंच असतं, पण ते एवढंच आहे असं कुणी मान्य करत नाही. मग त्याला बेसच्या आवाजाची, ड्रम मशिनची, मास्टरिंगची कारणं जोडली जातात. कारणं खोटी नसतात. फक्त ती नंतर आलेली असतात.

संग्रहाची खरी अडचण आणखीच वेगळी आहे. तो निघतो नवख्या माणसासाठी आणि त्याच्यावर निकाल देतात ते ज्यांना त्याची गरज नाही ते. नवख्याला मत नसतं, तो निमूटपणे ऐकून गाणी गुणगुणत निघून जातो. तावातावाने बोलतो तो सगळं घरात असलेला माणूस, ज्याने संग्रह घेतला तोच मुळी तक्रार करायला.

मी या भांडणात थोडा निर्लज्ज आहे. पुण्यात कॉलेजात असताना आमची इंग्रजी गाण्यांशी ओळख झाली तीच 'बेस्ट ऑफ' कॅसेटींवरून. एका बँडचे सहा आल्बम घेण्याची कुणाची ऐपत होती? एका कॅसेटीच्या पैशात जास्तीत जास्त गाजलेली गाणी, हा शुद्ध व्यवहार होता. गाणं आधी आल्बमवर असतं, मग संग्रहात जातं, हा क्रमच आम्हाला ठाऊक नव्हता. त्यामुळे संग्रह म्हणजे दुय्यम माल, असं मला अजूनही मनापासून वाटत नाही. इथल्या लोकांना हे सांगितलं की ते 'बिचारा' अशा नजरेने बघतात. बघोत.

सबस्टन्सनंतरही संग्रह येतच राहिले. 1994 मध्ये 'बेस्ट ऑफ' आला. तोवर फॅक्टरी बुडून दोन वर्षं झाली होती. त्यात 'ट्रू फेथ' वगैरेंना नवा साज चढवून नावापुढे '94' लावलं होतं. त्याबद्दल आमच्या टेबलावर फारसं बोललं जात नाही, आणि हे न बोलणंच पुरेसं बोलकं आहे. 2005 चा 'सिंगल्स' आला तेव्हा मात्र बोलणं झालं. आवाज कर्कश, काही गाण्यांच्या आवृत्त्याच चुकीच्या, अशी ओरड इतकी टिकली की 2016 मध्ये तो पुन्हा मास्टर करून काढला.

मला सगळ्यांत आवडतो तो 2002 चा 'रेट्रो' नावाचा चार सीडींचा संच, म्हणजे त्यामागची कल्पना. गाणी कशीही निवडली तरी लोक बोलणारच, तर मग एकेक सीडी एकेकाच्या हवाली करून टाकली. पॉप गाण्यांची पत्रकार मिरांडा सॉयरकडे, क्लबात वाजणाऱ्या गाण्यांची हॅसिएंडात तबकड्या वाजवलेल्या माइक पिकरिंगकडे, मैफलींतल्या गाण्यांची प्रायमल स्क्रीम बँडचा गायक बॉबी गिलेस्पीकडे. आणि उरलेल्या सीडीचं नावच 'फॅन', निवड पत्रकार जॉन मॅक्रेडीची. खुद्द चाहत्यांच्या नावाने सीडी काढली! आता तरी? छे. ज्येष्ठांनी ती यादी वाचली आणि विचारलं, "हा कुठला फॅन?"

मागच्या हिवाळ्यात टेबलावर एक तिसरी व्यक्ती आली. नुकतीच लागलेली, पंचविशीतली मुलगी. जिममध्ये 'ब्लू मंडे' ऐकलं, छान वाटलं, आणखी काय ऐकू, असा तिचा साधा प्रश्न. पहिली शंका धाकट्याची: जिममध्ये कुठलं वाजलं, 83 चं की क्विन्सी जोन्स आणि जॉन पोटोकरनी केलेलं 88 चं? तिला ते सांगता येईना, तिने चाल गुणगुणून दाखवली, त्यावरून काहीच ठरलं नाही. मग मी वाट बघत बसलो. ज्येष्ठ तिला आता 'आधी जॉय डिव्हिजन ऐक' म्हणून 1980 पासून सुरुवात करतील, त्या बँडचा गायक इयान कर्टिसच्या मृत्यूनंतर उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर हे नवं नाव कसं घेतलं, मग गिलियन गिल्बर्ट कशी आली, 'सेरेमनी' हे गाणं दोनदा का रेकॉर्ड झालं, हे सगळं येईल. धाकटा मध्येच तोडेल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जवळजवळ एकदमच म्हणाले, "सबस्टन्स."

म्हणजे ज्याचा शेवट कापलेला, ज्यातली किंकाळी हरवलेली, ज्यात 'प्रोसेशन'चा मान राखलेला नाही, तोच. मी हे बोलून दाखवलं, तर दोघांनाही त्यात काही विसंगती दिसली नाही. "सुरुवात तिथूनच करायची," ज्येष्ठ म्हणाले, "मग हळूहळू कळतं की तो किती चुकलाय." मुलीने फोनवर लगेच लावलं आणि तिसऱ्या मिनिटाला पुढचं गाणं सुरू केलं. दोघांच्या तोंडावर जे उमटलं ते लिहिता येण्यासारखं नाही.

बेसवादक पीटर हुक 2007 मध्ये बँडपासून वेगळा झाला. मग त्याने स्वतःचा वाद्यवृंद घेऊन न्यू ऑर्डरचा सबस्टन्स आणि 1988 चा त्याच नावाचा जॉय डिव्हिजनचा संग्रह, दोन्ही मैफलींत सलग वाजवले. संग्रह म्हणजे काही खरा आल्बम नव्हे, असं म्हणणाऱ्यांसाठी ही थोडी अडचणच. अर्थात ही कल्पनाही नवी नाही. 1987 च्या सप्टेंबरात, संग्रह बाजारात आल्यावर महिन्याभरात, न्यू ऑर्डरने कॅलिफोर्नियात अर्व्हाइन मेडोज इथे तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने वाजवला होता. 2023 मध्ये सबस्टन्स नव्याने मास्टर होऊन आला, त्याच्या चार सीडींच्या आवृत्तीत ही मैफल आहे.

ज्येष्ठांनी तो संच पहिल्याच आठवड्यात घेतला. घरात तबकडी, कॅसेट आणि जुनी सीडी असताना. 'द परफेक्ट किस' मी स्वतः त्यांच्याकडे बसून नव्या सीडीवर ऐकलं, मधल्या बेडकांच्या डरांव डरांवसकट. मला ते उत्तम वाटलं आणि मी तसं म्हणालो. शिवाय, इतकी वर्षं दोघांचं ऐकून घेतल्यावर मलाही एक मत असायला हरकत नाही, या विचाराने पुढे हेही म्हणालो, की टेम्प्टेशन मला 1987 चंच आवडतं, किंकाळीशिवायचं.

"तुला ते आवडणारच," ते सीडी परत खोक्यात ठेवत म्हणाले. "आता तिसरी सीडी ऐक. यात काय घातलं नाहीये ते सांगतो."